अर्धाजोड

माझ्या पणजोबांना गावाने नाव ठेवलं होतं अर्धाजोड. बाजाराच्या टोकाला त्यांचं चपला-बुटांचं दुकान होतं आणि तिथे तीन गिऱ्हाइकांना एकाच पायाचा बूट मिळायचा. युद्धातून उजवा पाय घोट्यापासून घालवून आलेले तिघे होते ते. वर्षातून एकदा यायचे. पणजोबा नवी कोरी जोडी फोडायचे, डावा बूट स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात चढवायचे आणि उजवा माळ्यावर टाकायचे. फुकट. त्यावरून गाव म्हणायचं, याच्या पोरीला बघायला जाऊ नका, अर्धीच दाखवेल.

ती पोर म्हणजे माझी आजी. आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि काचबिंदूने दोन्ही डोळे नेलेत. ती हा किस्सा हसत सांगते, पण सांगून झाला की प्रत्येक वेळी म्हणते, "फुकट बूट घालून गेले मेले, पण एकाने कधी पाणी मागितलं नाही आमच्याकडे. बाबांशी शब्द नाही. उपकाराची जाण म्हणून नाही लोकांना."

नगरपालिकेने चौकात दगड बसवायचं ठरवलं, युद्धावर गेलेल्यांची नावं कोरून. आजीने तेव्हापासून माझं डोकं खाल्लं. बाबांचं नाव त्यावर हवं, मग मी मरायला मोकळी. अर्जासोबत लष्कराचा कागद लागत होता, किंवा बरोबरच्या सैनिकाच्या घरच्यांची सही. कागद नव्हता. लष्कराच्या कचेरीला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की त्या सालची दप्तरं वाळवीने खाल्ली. उरली सही. त्या तिघांपैकी दोघांच्या घरचं गावात कुणी उरलं नव्हतं. तिसऱ्याचा मुलगा शिंपी. सत्तरी ओलांडलेला, अजून मशिनवर बसणारा.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीला खडूच्या खुणा, खुंटीवर बाह्या नसलेले कोट, इस्त्रीखाली जळकी चिंधी. मी कोणाची कोण ते सांगितलं. त्याने पाय मशिनवरून काढला नाही. शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला आणि मग विचारलं, म्हातारी कशी आहे. मी अर्ज पुढे केला. तो वाचून त्याने उलटा ठेवला.

"पोरी, तुझा पणजोबा लढला नाही. तो कोठारावर होता."

एवढं मला माहीत होतं. पणजोबांच्या बापाचं वाणसामानाचं दुकान होतं, म्हणून सैन्याने या तेवीस वर्षांच्या पोराला बंदूक न देता कोठाराची किल्ली दिली. कोठारात काय झालं ते मात्र आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते शिंप्याने सांगितलं.

चोरी होऊ नये म्हणून बूट वेगवेगळ्या पेट्यांत यायचे. एका पेटीत सगळे डावे, एकीत सगळे उजवे. एकट्या पेटीचा चोराला उपयोग नाही. डोंगरावरच्या ठाण्यावर चाळीस माणसं होती, तिथे दोन पेट्या पाठवायच्या होत्या. पेट्यांवरच्या खुणा पावसात पुसल्या होत्या. उघडून बघायचं, दुसरं काय. पण पणजोबा वाण्याचे. बापाने लहानपणापासून शिकवलेलं, सील असलेली पेटी उघडायची नाही. उघडली की माल आपल्या अंगावर येतो. त्यांनी उघडली नाही. दोन्ही पेट्या डाव्या निघाल्या. वर बर्फ पडून रस्ता बंद झाला होता. काहींनी उजव्या पायात डावा बूट कोंबला, काहींनी जुनाच फाटका ठेवला. पंधरा दिवसांनी माणसं खाली आणली तेव्हा आधी बोटं काढली, मग पाय. आपल्या गावचे तिघे त्यातले.

मला एकदम घरी ऐकलेली पणजोबांची वेडं आठवली. दुकानात आलेलं प्रत्येक खोकं ते आल्याआल्या फोडायचे. कारखानदार वैतागायचे, गिऱ्हाईक हसायचं. एकसष्टाव्या वर्षी गेले, तेव्हा माळ्यावरून हातगाडीभर उजवे बूट निघाले. भंगारवाल्याने हात जोडले. म्हणाला, जोड आणा, नेतो.

"तुमच्या वडिलांना कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. त्यानेच सांगितलं. गुडघ्यावर बसून बूट चढवत होता तेव्हा."

"मग तरी दरवर्षी जायचे?"

"जायचे ना."

"का, काका?"

शिंप्याने सुईत दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला.

"त्याला खाली बसलेला बघायला."

मी उलटा ठेवलेला अर्ज सुलटा केला. मग सहीचं विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, बापाने मरताना एकच गोष्ट मागितली, गावात कधी आमच्या नावांचा दगड लागलाच, तर माझ्या नावाखाली त्याचं नाव येऊ देऊ नकोस. "आता तूच सांग, मी काय करू?" त्याने अर्ज घडी घालून माझ्या हातात दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आला.

घरी आजी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "झाली सही?"

नाटकात काम करताना कठीण वाक्याआधी मी श्वास घेते. तेव्हा तेवढीही सवड घेतली नाही. म्हणाले, "झाली."

दगड बसला त्या सकाळी आजीने चांगलं लुगडं काढलं. भाषणं संपली, गर्दी पांगली, मी तिला दगडासमोर नेलं. तीनच नावं होती, त्या तिघांची. मी खणखणीत वाचली. मग थांबून चौथं वाचलं, पणजोबांचं.

"कुठे आहे? बोट ठेव माझं."

मी तिचं बोट धरून तिसऱ्या नावावर ठेवलं. शिंप्याच्या बापाच्या. ती एकेका खाचेतून हळूहळू बोट फिरवत गेली. मग बोट आपणहून खाली सरकलं, सपाट दगडावर.

"याच्या खाली कुणी नाही?"

"नाही."

"म्हणजे बाबा शेवटी. असू दे. तसेही कधी पुढे पुढे करणारे नव्हते."

शिंपी आमच्या मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आजीला कुणीतरी असल्याची चाहूल लागली, तिने कोण म्हणून विचारलं, आणि शिंपी आहे हे मला सांगावंच लागलं. तिने त्याच्या दिशेने, थोडं चुकून, हात जोडले.

"सही केलीत. फार उपकार झाले."

शिंपी माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली घातली. तो म्हणाला, "सावकाश जा, बाई," आणि निघून गेला.

रिक्षात बसताना आजीने माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आता दर रविवारी आणायचं हं मला इथे. आणि वाचून दाखवायचं."