ओडेटमावशीचा बुटका तंबू

ओडेट तिबो तंबू घ्यायला दुकानात शिरली की दुकानदार सावरून उभा राहायचा. आता आपल्या मालाची काही खैर नाही, हे त्याला ठाऊक असायचं. ती आधी तंबू उलटा करायची, शिवणी ताणून बघायची, चेन पुन्हा पुन्हा खालीवर करायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "ही कशीबशी मे महिना काढेल. जूनमध्ये माश्या आत आणि तू बाहेर."

दर वर्षी बर्फ वितळायला लागलं की कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज शहरातल्या त्या दुकानात आमची टोळी जमते. लाकूड कंपन्या जंगल तोडतात आणि आम्ही त्या बोडक्या डोंगरांवर रोपं लावतो. उन्हाळा सरेपर्यंत तंबूतच राहायचं, तेव्हा तंबू हेच घर. नवख्या पोरापोरींना काय कळतंय, कप्पाळ! ती रंग बघून घेतात आणि पहिल्या पावसात रडतात. म्हणून त्यांना आधी ओडेटच्या ताब्यात द्यायची रीत पडली. तिला मावशी म्हणायला क्वेबेकच्या पोरांनी सुरुवात केली. तीही मूळची तिकडचीच, अबितिबीची. एकोणिसाव्या वर्षी लिफ्ट मागत मागत अख्खा देश ओलांडून आली, एवढा एक उन्हाळा काम करते आणि परत जाते म्हणाली, आणि पन्नाशी उलटली तरी इथेच. नवरा नाही, मूलबाळ नाही. हिवाळ्यात एका हॉटेलच्या चादरी धुवायची, पण त्याला ती जगणं म्हणायचीच नाही. मेपर्यंत वेळ काढते, म्हणायची.

या वर्षी मात्र मावशीचा डावा खुबा कामातून गेला होता. हाडावर हाड घासतंय, खुबा बदलावा लागेल, आणि नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. तिने ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाही. एकदा उभी राहिली की ती चालायची. डावा पाय मागे उचलून वाकलं की रोपही लावता यायचं. तिने हिवाळाभर खोलीत फावडं घेऊन तशी तालीमच केली होती. खालचा भाडेकरू छताला काठी मारून मारून थकला. अडचण एकच होती. जमिनीवरून उठता येत नव्हतं. धरायला काही असलं तर उठायची, नाहीतर उताण्या पडलेल्या झुरळासारखी हातपाय हलवत राहायची. हे तिचंच वर्णन, पण तिने आम्हाला ते फार उशिरा ऐकवलं.

तिने मनाशी एक तंबू ठरवूनही ठेवला होता. उंच, सरळ भिंतींचा, आत खाट मावेल आणि उभं राहून पँट चढवता येईल असा. इतकी वर्षं जमिनीवर काढली, आता म्हातारीने जरा थाटात राहिलं तर कोण काय म्हणणार? गेले दोन महिने दुकानात जाऊन ती त्याच्या दांड्यावरून हात फिरवून येत होती.

त्या दिवशी मुकादम कॉर्बिन दुकानातच एका खोक्यावर चढला. हा कॉर्बिन एके काळी मावशीचाच चेला. पहिल्याच आठवड्यात रडत घरी निघाला होता, तिने कॉलर धरून परत आणला.

"ऐका रे सगळे! या वर्षी रस्त्यालगतचा कॅम्प मिळालेला नाही. सगळं काम हेलिकॉप्टरचं. सामान तोलून घेणार आणि जास्त निघालं तर इथेच टाकणार. तंबू एका माणसाचा, हलका, पाठीवर मारून नेता येईल असा. ज्याला राजवाडा हवा असेल त्याने घरी बसावं."

सगळे हसले. मावशीही हसली. तिचा हात त्या उंच तंबूच्या दांड्यावर होता, तो तिने काढून घेतला.

"तुला काय म्हणा, मावशी," कॉर्बिन म्हणाला, "तू जन्मभर बुटक्यातच राहिलीस."

"हो ना. मला काय!"

मग ती बुटक्या तंबूंकडे वळली. त्यातला एक तिला लगेच पटला आणि तेच तिच्या जिवावर आलं. वरचं कापड थेट जमिनीपर्यंत, म्हणजे तिरका पाऊस आत यायचा नाही. दांडे वाकतील पण मोडणार नाहीत. दोन दारं, ओले बूट ठेवायला छोटीशी पडवी, शिवणींना पट्टी. रस्त्यावर चालेल, डोंगरावर चालेल, बर्फातही चालेल आणि पाच-सात वर्षं तरी हलणार नाही. नाव ठेवायला जागा नव्हती. तिला कुठेतरी नाव ठेवायचंच होतं, म्हणून तिने शिवणी तीनदा तपासल्या.

"मावशी, आत झोपून दाखव ना," नवखी टॅमसिन म्हणाली. कॉलेजची पोर, सकाळपासून मावशीच्या मागे मागे फिरत होती. आत झोपल्याशिवाय तंबू कळत नाही, हा नियम मावशीनेच घालून दिलेला. नाही कशी म्हणणार?

ती रांगत आत गेली आणि आडवी झाली. बाहेर वीसेक जण, त्यात कॉर्बिन. उठता येणार नाही हे तिला पाठ टेकताक्षणीच कळलं. मग तिने बोलायला सुरुवात केली. आतूनच. कापडाला घाम कसा फुटतो, डोकं कुठल्या बाजूला करायचं, ताणदोरी सैल सोडली की कापड कसं फडफडतं आणि डोळ्याला डोळा लागत नाही. पोरं बाहेर माना डोलावत होती. इतकं सविस्तर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"बाई आता आतच राहणार की काय?" कॉर्बिन म्हणाला.

"भाडं घेणार असशील तर आत्ताच सांग!"

हशा पिकला. दुकानदाराने हाक मारली म्हणून कॉर्बिन गल्ल्याकडे गेला, तशी मावशी हळूच म्हणाली, "टॅमसिन, हात दे गं. दार किती रुंद आहे ते दाखवते." पोरीने ओढलं. मावशी बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांवर रक्त उरलं नव्हतं.

"रुंद आहे दार," ती म्हणाली. "हाच घ्या सगळ्यांनी."

कॅम्प एका सपाट पठारावर पडला. कडेला थोडी जुनी झाडं उभी होती आणि तिथेच मावशीने तंबू ठोकला, एका वठत आलेल्या स्प्रूसच्या झाडाला खेटून. त्याची एक खालची फांदी दाराच्या पुढ्यात यायची. फांदी धरून ती सकाळी उठायची, इतरांच्या आधी, आणि भोंगा वाजेपर्यंत हातात कॉफी घेऊन उभी असायची. दिवसभर पाय मागे उचलून रोपं लावायची. ही काय नवी तऱ्हा, असं कुणी विचारलं की म्हणायची, "नाच शिकतेय." संध्याकाळी तिच्या रोपांची संख्या नवख्यांपेक्षा जास्तच भरायची. तिला वाटायला लागलं, निघेल हा उन्हाळा. एवढा निघाला तर पुढचंही बघू.

पण झाडाखाली तंबू ठोकायचा नाही हेही आम्हाला मावशीनेच शिकवलं होतं. वठलेलं झाड वाऱ्यात केव्हा फांदी टाकेल याचा नेम नसतो. त्यात माणसं गेलेली आहेत. नवख्यांनी मात्र मावशीचं बघून आपापले तंबू तिच्याभोवतीच आणले. आणि एका वादळी संध्याकाळी कॉर्बिन तिकडे आला, तेव्हा झाडांखाली सहा तंबू होते.

"डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" तो इतक्या जोरात ओरडला की आचारीसुद्धा बाहेर आला. "मरायचंय? कुणी सांगितलं इथे?"

"मावशीचा इथे आहे म्हणून," टॅमसिन पुटपुटली.

कॉर्बिनने मावशीकडे पाहिलं. तेव्हा ती सांगू शकली असती. पण तिने खाली बघितलं. "चुकलंच माझं. म्हातारीला वारा लागत होता."

"मावशी, तूच असं केलंस तर मी कुणाला बोलू?" त्याचा आवाज एकदम उतरला. "काढा सगळे. मध्ये, उघड्यावर."

पोरांनीच तिचा तंबू उचलून नेला, मोठ्या प्रेमाने. चारी बाजूंना सपाट जमीन. धरायला गवताची काडीसुद्धा नव्हती. टॅमसिनने ताणदोऱ्या छान आवळून दिल्या आणि विचारलं, "बरोबर झालं ना, मावशी?"

"अगदी बरोबर," मावशी म्हणाली.

सकाळी भोंगा वाजला. नाश्ता झाला, हेलिकॉप्टरची पहिली फेरी गेली. मावशीचा कॉफीचा कप तसाच होता.

"मावशी!"

"आले, आले! व्हा पुढे!" आतून उत्तर आलं. दुसरी फेरी गेली. पुन्हा हाक, पुन्हा "आले." कॉर्बिनने जाऊन चेन उघडली.

ती पूर्ण कपड्यांत होती, बूटसुद्धा घातलेले. उताणी. चेहरा घामाने निथळत होता, कोपरं सोलवटली होती आणि खालच्या कापडाला टाचा घासून घासून भोकं पडली होती. पहाटेपासून ती तेच करत होती.

कॉर्बिन गुडघ्यांवर बसला. "कधीपासून हे?"

"ते जाऊ देत," ती म्हणाली. "शेवटची फेरी जाऊ दे आधी. त्यांच्यासमोर नको."

तो बाहेर जाऊन टॅमसिनला आणि उरलेल्यांना सांगून आला, मावशीचं पोट बिघडलंय, तुम्ही निघा. हेलिकॉप्टरचा आवाज डोंगरापलीकडे गेल्यावर त्याने तिच्या काखेत हात घातले. तिला ओरडायचं नव्हतं, पण ओरडली. मग रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं आणि त्यालाही ते पाहवेना. तो भलतीकडे बघत तिला ओढत राहिला.

"मी पहाटे लवकर सुरुवात करीन रे," ती त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणत होती. "अजून लवकर. कुणाला कळणार नाही. माझी रोपं मोज, कुणापेक्षा कमी आहेत का? एकदा उभी राहिले की मला काही होत नाही. फक्त सकाळी कुणीतरी उभी करा. एवढंच. मी मरेपर्यंत लावीन रोपं."

त्याने तिला दाराबाहेर आणून उभं केलं.

"सोड आता," ती म्हणाली.

त्याने हात काढले. ती डोलली, पाय रोवले आणि उभी राहिली. ताठ, कशालाही न धरता. तिने बाहीने तोंड पुसलं.

"बघ. आहे ना उभी?"

"आहेस, मावशी," कॉर्बिन म्हणाला, आणि परतीच्या फेरीत शहरापर्यंत एक माणूस न्यायचाय, हे सांगायला तो रेडिओकडे गेला.