निडीला उतरायचं होतं

नगरहून निघाल्यापासून माझा भाचा शमुवेल तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. पेणला एसटीतून उतरल्यावर बोलला तो एवढंच, "आत्या, मैदान त्या बाजूला." मला ते मैदान पुन्हा पाहायचं नव्हतं. तरी गेलो. शेजारच्या कारखान्यात रंग न लागलेले पांढरे गणपती वाळत होते आणि मैदानात कुणीतरी प्लास्टिक अंथरून पापड घातले होते. महिन्यापूर्वी इथेच शमुवेलने नगरच्या संघाला कबड्डीचा सामना जिंकून दिला होता.

शमुवेल कोपऱ्यावरचा खेळाडू. चढाईला आलेल्याचा घोटा धरला की सोडत नाही. मैदानात उतरताना बाकीचे माती कपाळाला लावतात. आम्हा ख्रिस्ती लोकांत ते चालत नाही, म्हणून हा डोळे मिटून उभा राहतो. शेवटच्या चढाईला निडी गावचा नितेश आला. शमुवेलने घोटा धरला, मागून बाकीचे सगळे अंगावर पडले. पंचांनी गुण दिला. ढीग उठला, नितेश उठला नाही. मी जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. प्रेक्षकांतून धावत जाऊन त्याच्या तळपायाला चिमटा काढला; पाय हललाच नाही. नियमाबाहेर काहीच घडलं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आमच्या चर्चमध्ये कुणी जिंकून आलं की रविवारी उभं राहून उपकारस्तुती (देवाचे जाहीर आभार) करायची रीत आहे. शमुवेल त्या दिवसापासून चर्चची पायरी चढला नव्हता. म्हणून मीच त्याला नितेशच्या घरी घेऊन निघाले होते.

पेणहून रोह्याची पॅसेंजर आगगाडी धरली. मांडीवर मिरगुंडांचं (पोह्यांच्या छोट्या पापडांचं) पुडकं. रिकाम्या हाताने जाववत नाही, आणि अशा घरी न्यायचं तरी काय? नागोठण्याला शिफ्ट सुटलेले कंपनीचे कामगार चढले. मग निडी आलं. मी उठले. शमुवेल खिडकीचा गज धरून बसलेला.

"उठ रे."

उठला नाही. गाडी सुटली. बायबलातला योना, देवाने निनवे शहरी जा म्हटलं तर ते टाळून पळाला, तो निदान जहाजाने; आमचा हा पॅसेंजरने. रोह्याला उतरून त्याला चहा पाजला, चार शब्द सुनावले आणि रिक्षात घालून मागे निडीला आणलं.

भात कापलेल्या खाचरांत वाल हिरवागार उभा होता. डॉक्टरांनी हात टेकून नितेशला घरी पाठवलेलं. तो ओटीवर खाटेवर पडून होता. चादरीखालची त्याची पावलं मला बघवेनात. आई शेजारी वालाच्या शेंगा सोलत होती. तिने शमुवेलला लगेच ओळखलं.

"तूच ना तो? बस. बाय, तुमी पन बसा."

नितेश हसायला गेला. "लय जोरात धरलंस रे," म्हणाला. शमुवेलला रडू फुटलं. आई म्हणाली, "मी बगत व्हते. तू माती नाय लावलीस. डोले मिटून काय बोलत व्हतास?"

"प्रार्थना."

"काय मागतलास?"

तो खोटं बोलू शकला असता. "शेवटी नितेश आला तेव्हा म्हणालो, प्रभू, हा एवढा दे."

तिने हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले.

"दिला ना त्यानं," म्हणाली. "माज्या पोरानं पन नारल फोडला व्हता. आमच्या देवानं नाय ऐकला, तुज्या देवानं ऐकला. मंग आता त्यालाच सांग, माजा पोर मना परत दे."

आवाज चढला नव्हता तिचा. नंतर तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. शमुवेलने मात्र ताट पुसून खाल्लं.

रविवारी तो चर्चला आला. पाळकसाहेबांनी मोठ्या हौसेने उपकारस्तुतीसाठी त्याचं नाव पुकारलं.

"उपकारस्तुती नाही, विनंती आहे," तो म्हणाला. "निडीच्या नितेशच्या पायांसाठी."

"आपल्या संघातला का?"

"नाही. मी देवाकडून मागून घेतलेला."

ते पाय हलणार नाहीत, हे मला नर्स म्हणून पक्कं ठाऊक आहे. तरी मी गुडघे टेकले आणि देवावर चिडूनच मागितलं, तिचा तिला परत दे.