श्रावणचं कमरेएवढं टेबल

सुतारकाम करणाऱ्या श्रावणनं वीस वर्षं लोकांच्या अंगणात जमिनीवर बसून, लाकूड पायांत धरून रंधा मारला. छप्पन साली तो नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला आणि परतवाड्यातल्या आपल्या नव्या दुकानात त्यानं सगळ्यात आधी स्वतःचं काम केलं. जाड सागवानी फळ्या जोडून कमरेएवढं उंच टेबल बांधलं. वर पट्टी टेकवायची, पट्टीखालून उजेड दिसला की पुन्हा रंधा. टेबल असं सपाट अन् भक्कम झालं की घण घातला तरी हलेना.

गाडीचं जू घेऊन आलेले खुशालराव पाटील ते पाहून भडकले. “काहून रे श्रावण्या, उभ्यानं काम करून राहिला? खाली बसाले लाज वाटते काय?”

श्रावणनं हात थांबवला नाही. “मी आता उभाच राहीन, पाटील. तुमाले बसाचं असन तं बसा. माही खालची जागा रिकामीच हाये.”