तीन जपानी पोरींचं गाणं

अब्बांना ऐकू येईनासं झालंय हे मी आठवीत होते तेव्हा दोघींनाच माहीत होतं, मला आणि अम्माला. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. कोल्हापुरात साधं चहा घेता का विचारायचं तरी माणसं भांडल्यासारखी ओरडतात, त्यामुळे कमी ऐकणाऱ्याचं बरंच निभावून जातं. अब्बा शिवाजी पेठेतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या शेजारी मोठा ढोल असायचा. तो वर्षानुवर्षं कानाशी बडवला गेला आणि कान गेले. ‘पाणी गेलंय कानात,’ असं ते बरेच दिवस सांगत राहिले. एवढं पाणी पंचगंगेतसुद्धा नसेल, असं अम्मा चिडून म्हणायची आणि मग मोरीत जाऊन रडायची.

भीती एकच होती. बँडच्या मास्तरांना कळलं तर अब्बांचं वाजवणं बंद होणार होतं. कागलचा एक तरुण क्लॅरिनेटवाला केव्हाचा बँडमध्ये यायला टपलेला होता. आमच्या घरात सनईपासून क्लॅरिनेटपर्यंत फुंकण्याशिवाय कुणी काही केलेलं नव्हतं, आणि अब्बांनाही दुसरं काही येत नव्हतं. त्यांना वरातीतली दिव्यांची गाडी ढकलायला लावतील, या विचारानं मला शाळेत बाकावर बसल्या बसल्या घाम फुटायचा.

जुनी सिनेमाची गाणी त्यांच्या बोटांत बसलेली होती. सूर बरोबर लागला की दातांना कळतं, असं ते म्हणायचे. कधी थांबायचं, कधी उचलायचं, हे ते मास्तरांच्या हाताकडे बघून ओळखायचे. नवं गाणं आलं की मी रेडिओवर ऐकून त्यांना शिकवायची. लहानपणी त्यांनीच मला लाडानं लाटण्यावर बोटं टाकायला शिकवली होती. आता मी क्लॅरिनेट हातात धरून हळू फुंकायची आणि ते माझी बोटं बघायचे. चुकलं की मी मान हलवायची. असं आमचं चाललं होतं, जीव मुठीत धरून.

अशात उद्यमनगरातल्या एका कारखानदाराच्या घरचं लग्न निघालं. त्याच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला दोन जपानी इंजिनिअर आले होते. शेठजींच्या डोक्यात आलं की वरातीत पाव्हण्यांच्या देशाचं गाणं वाजलंच पाहिजे. त्या दोघांतल्या एकाकडची कॅसेट घेऊन ते स्वतः मास्तरांकडे आले. म्हणाले, “पावणं खूश झालं पायजेत. पैशाचं बघू नगा.”

मास्तरांनी आठवड्यात बसवून देण्याच्या बोलीवर गाणं घेतलं. अब्बांनी एका दिवसासाठी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घरी मागून आणला. कव्हरवर एकसारखे आखूड फ्रॉक घातलेल्या तीन पोरी होत्या, एका हातात माईक आणि दुसरा हात वर. अम्मानं कव्हर लगेच उशीखाली ढकललं. मी मात्र नंतर ते काढून पुन्हा पुन्हा बघितलं, खोटं कशाला बोलू. माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या असतील. कुणाला भीत असतील असं त्यांच्या तोंडावरून वाटत नव्हतं, आणि मला त्यांचा फार राग आला.

गाणी एकाहून एक गोड होती. तिघी एकदम सुरू व्हायच्या, मग एक मागं राहायची, दुसरी वर चढायची, आणि मध्येच टाळ्या व माणसांचा ओरडा. एक गाणं तर इतकं लाडिक की अर्थ कळत नसूनही मला लाज वाटली. शेठजींना हवं होतं ते पहिलंच होतं, सगळ्यात वेगवान. आता पंचाईत झाली. सिनेमाच्या गाण्याचे शब्द मी तोंडानं दाखवले की अब्बांना जागा सापडायची. इथं शब्दच नव्हते आमच्या ओळखीचे. धरायला काहीच नव्हतं. मी एकेक ओळ ऐकायची, बोटांवर बसवायची, आणि एका हातानं त्यांच्या गुडघ्यावर ताल धरायची. दिवस मावळेपर्यंत अब्बांना ते पाठ झालं. फक्त एक झालं. ते वाजवताना त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“अब्बा, डोळे उघडे ठिवा की,” मी त्यांचं तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले. “मास्तरांचा हात दिसंल कसा?”

“उघडलं की बोटं इसरत्यात,” ते म्हणाले. “सुरवात दिसली म्हंजे झालं. शेवट मला म्हाईत हाय.”

तालमीत सगळं सुरळीत पार पडलं. मास्तरांनी पाठ थोपटली म्हणून अब्बा हसत घरी आले. मला जेवण गेलं नाही.

वरात संध्याकाळी निघाली. मी गल्लीतल्या पोरींबरोबर कडेकडेनं चालत होते. दोन्ही जपान्यांना फेटे बांधले होते आणि ते दर दोन पावलांनी वाकून नमस्कार करत होते. गाणं सुरू झालं तसे ते दोघं जागच्या जागी उडायलाच लागले. शेठजींची छाती फुगली. अब्बा सगळ्यांत पुढं होते, डोळे मिटलेले, आणि काय वाजवत होते! एवढ्या भीतीतही मला अभिमान वाटला.

तेवढ्यात रस्त्यावरच्या पुढच्या घराचं दार दिसलं. तिथं माणसं खाली मान घालून बसली होती, उंबऱ्याशी दिवा तेवत होता. त्या घरातून सकाळीच कुणाला तरी नेलं होतं. दुःखाच्या दारावरून वरात न्यायची तर वाजंत्री बंद करून न्यायची, ही आमच्याकडची रीत. लहान पोरालाही ती ठाऊक असते. मास्तरांनी हात वर केला. ढोल थांबला, ट्रम्पेट खाली आले, झांजा पोटाशी धरल्या गेल्या.

अब्बा वाजवत राहिले.

त्या शांततेत ते एकट्या क्लॅरिनेटचं गाणं मी जन्मात विसरणार नाही. मयताच्या दारात तीन पोरींचा तो लाडीगोडीचा सूर, वरच्या पट्टीत. धावले तर सगळ्यांना कळणार, न धावले तर दारातली माणसं उठणार. एकजण उठलाच होता. आणि जपान्यांना वाटलं, हे आपल्या मानासाठी एकट्यानं वाजवलेलं आहे. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मी धावले. अब्बांच्या बोटांवर माझे दोन्ही हात दाबले. गाणं तुटलं. त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग थांबलेल्या बँडकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. त्यांनी क्लॅरिनेट काखेत धरून त्या घराकडे हात जोडले आणि तसेच उभे राहिले. उठलेला माणूस परत बसला.

मास्तर जवळ आले. “कवापासनं?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

अब्बा माझ्या तोंडाकडे बघायला लागले, मास्तर काय म्हणाले ते मी सांगावं म्हणून. मास्तरांना तेवढं पुरलं. वाद्य बँडचं होतं. अब्बांनीच ते पुढं केलं. मास्तरांनी ते घेतलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगायला हवं, कारण पुढं आमच्या घरात त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या गेल्या.

सकाळी अम्मा चूल फुंकत बसली होती. अब्बा भिंतीला टेकून होते, मांडीवर हात उताणे. मला जवळ बसवून म्हणाले, “त्या पोरींचं गाणं म्हन की. वाजिवलं खरं, पर आयकलं न्हाय मी त्ये.”

मी सुरुवात केली. कळत नसलेले ते शब्द मला अजूनही पाठ आहेत. दुसऱ्या ओळीला आवाज बंद पडला. नुसते ओठ हलत राहिले. अम्मानं फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

अब्बा माझ्या ओठांकडे बघत तालात मान डोलावत होते. “ग्वाड हाय,” ते म्हणाले. “थांबू नगंस.”