उलट्या पावलांची सून

निरवांगीच्या दिग्विजयला अडतिसाव्या वर्षी एकदाची लग्नाला पोरगी मिळाली, आणि तिची पावलं उलटी होती. टाचा पुढं, बोटं मागं. हडळच ती, लपवण्यात काही अर्थ नाही. नाव मात्र राजनंदिनी. हडळीनं असलं नाव ठेवू नये असा काही सरकारी नियम नाही.

त्याआधी पोरी काय कमी बघितल्या? बारामती झाली, इंदापूर झालं, पार फलटणपर्यंत जाऊन पोहे खाऊन आला. जिथं जाईल तिथं एकच विचारणा, पुण्यात फ्लॅट आहे का? ह्याच्याकडं होता ट्रॅक्टर. हंगामात माळेगावच्या कारखान्यावर ऊस न्यायचा, एरवी लोकांची रानं नांगरायची. माणूस सरळ, पण सरळपणा काही पोह्यांबरोबर बशीत घालून दाखवता येत नाही.

एका दुपारी कॅनॉलच्या कडेला त्याची भरलेली ट्रॉली चिखलात रुतली. वरनं, चिंचेतनं आवाज आला, "ओ ड्रायव्हर, किती बोंबलवताय त्या इंजनाला? झोप मोडली की आमची."

बाई खाली उतरली, पदर खोचला आणि खांदा लावून ट्रॉली बाहेर काढली. दिग्विजयनं आधी पावलं बघितली, मग तोंड बघितलं. भ्यायचं तेवढं भिऊन झाल्यावर म्हणाला, "चहा घेता का? थर्मासमधला हाय."

मग रोजचंच झालं. कधी भजी, कधी जिलेबी. ती मडगार्डवर बसून खायची.

"तुमाला भ्या न्हाय वाटत माझं?"

"वाटतं की. पण आई निजल्यावर एकट्यानं टीव्ही बघायचं जास्त वाटतं."

घरी लग्नाचं काढलं तेव्हा त्याच्या आईनं, प्रयागबाईनं, दोनच गोष्टी विचारल्या. "भाकरी येती का? आन् रागीट हाय का?"

"भाकरी न्हाय येत. रागीट हाय."

"मग व्हईल आपल्यातली."

लग्न लागलं, वरात दारात आली. नवरीनं माप ओलांडलं, कुंकवाच्या ताटात पाय बुडवले आणि फरशीवर पहिलं पाऊल उमटलं. टाच घराकडं, बोटं दाराकडं.

दिग्विजयचे चुलते हिंदुराव तात्या वाकून बघत म्हणाले, "ही लक्ष्मी घरात येती का घरातनं चाललीया? वैनी, असं पाऊल घरात उमटू देऊ नगा."

प्रयागबाईचा चेहरा उतरला. हडळ चालली होती तिला, पण बाहेर निघालेली लक्ष्मी कुणाला चालते?

राजनंदिनी रागवली नाही, हेच दिग्विजयला लागलं. ती हळू म्हणाली, "मी चिंचंवरच ऱ्हाते. तुमी येत जावा की भजी घिऊन."

दिग्विजयनं डोक्यावरचा फेटा काढून आईच्या हातात दिला. "आये, मग मी बी तिकडंच जातो. तुला कायम भेटायला यीन."

"जाशील. झाडावर चढता येतं का तुला?" प्रयागबाई म्हणाली. तिनं फेटा परत त्याच्या डोक्यावर दाबला. खाली बसून पदरानं ते पाऊल पुसलं आणि उठत सुनेकडं बघितलं. "फिर गं बाई. पाठ घराकडं कर. आन् माघारी चालत ये."

"दिसणार कसं, आत्याबाई?"

"मी हाय की."

राजनंदिनी गल्लीकडं तोंड करून उभी राहिली, कुंकवात पाय परत बुडवले. प्रयागबाई देवघरापाशी गेली आणि अंगणात ट्रॉली मागं घ्यायला लावावी तसा दोन्ही हातांनी इशारा करायला लागली. नवरीला हात दिसत नव्हते, पण आवाज होता.

"येऊ दे, येऊ दे. थोडं डावीकडं. तात्या, तुमी व्हा बाजूला, चाकाखाली याल. येऊ दे."

लाल पावलं उमटत गेली, एकूणएक पावलाची बोटं देवघराकडं. तात्यांनी एकेक निरखून बघितलं आणि मग चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

"बास," प्रयागबाई म्हणाली आणि मागनं सुनेला धरलं. "लागली गाडी."