सेसीबायच्या खापरीपाशी

भाजल्या मिरचीचा वास अजून माझ्या पदराला आहे, आणि आज मला इतका आनंद झालाय की तो कुणाला सांगितल्यावाचून चैन पडणार नाही! मनोरीच्या अंगणातलं ते एप्रिलचं प्रखर ऊन, चटयांवर पसरलेली लालभडक मिरची, धणे, हळकुंडं, आणि मातीच्या खापरीत एकेक जिन्नस परतणारी माझी मोठी नणंद, सेसीबाय! आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत वर्षाचा मसाला असा उन्हाळ्यातच होतो. कुटून बाटल्यांत दाबून भरायचा आणि नात्यागोत्यांत वाटायचा. त्यातली एक बाटली दर वर्षी बोरिवलीला माझ्याकडे येते.

गेल्या वर्षीचा मसाला मात्र कडू होता. तापाच्या आजारात सेसीबायची वास घेण्याची शक्तीच गेली, ती परत आली नाही, आणि मिरची करपल्याचं तिला कळलंच नव्हतं. फोनवर तिनं किती आशेनं विचारलं होतं, "कसा झालाय गं?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, "झकास, बाय!" केवढी उदार होते मी! पुढे फादरांकडे कन्फेशनला राग, आळस, निंदा, सगळं आठवून आठवून सांगितलं. हे खोटं मात्र एकदाही ओठांवर आलं नाही, कारण त्याला मी प्रेम समजत होते. गोड बोलून आपण माणसाला जपतो, की त्याच्यासमोरची आपली अवघड घटका टाळतो?

परवा तिचा फोन आला. लेकीच्या लग्नाचा सगळा मसाला ती स्वतः करणार होती, अगदी गेल्या वर्षीसारखा. "माझ्या नाकाचा काय भरवसा नाय, पण तुझ्या जिभेचा आहे," ती म्हणाली, आणि माझी वाटच लागली. आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत, रीतीप्रमाणे शेजारणीला शांतीचा हात देताना माझा हात आखडला. ज्या प्रभूच्या नावानं मी परक्यांना शांती देत होते, त्याला आधी माझ्या घरच्या माणसाशी सरळ बोलणारी मी हवी होते ना? तशीच मार्वेला गेले आणि खाडीपलीकडे मनोरीला जाणाऱ्या होडीत बसले.

अंगणात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सेसीबायचा परतणारा हात थांबला. "सगळ्या घरांत मी तोच मसाला वाटला, आणि तू आज सांगतेस?" तिचे डोळे भरले, माझेही. सबब द्यावी असं फार वाटलं, पण "चुकलं माझं, बाय," एवढंच म्हटलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मग पायानं पाट माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बस इथं. करपायला लागली की बोल. आणि लाजू नकोस."

मी जीव नाकात आणून बसले. मिरची तडतडली, ठसका उठला, आणि मी एवढ्या जोरानं "बाय, उतरव!" असं ओरडले की शेजारच्या खिडकीतून माणसं डोकावली. खरं तर मी घाबरून घाईच केली होती, मिरची अजून जराशी कच्ची होती. पण सेसीबायनं एक शब्द न विचारता खापरी खाली उतरवली.