फादर खटपटे यांची नळी

फादरांच्या झग्याच्या खिशात जपमाळ आणि स्क्रूड्रायव्हर एकत्र नांदायचे. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपली की लोक आशीर्वाद मागायला जायचे आणि हे त्यांचा बंद पडलेला टोस्टर मागून घ्यायचे. इथे परदेशात, क्रेगीबर्नमध्ये राहणाऱ्या आम्हा वसईकरांनी त्यांचं नावच ‘फादर खटपटे’ ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

त्यांचा एक लाडका माणूस होता, तीनशे वर्षांपूर्वीचा फ्रान्समधला एक पाद्री. घड्याळाच्या स्प्रिंगा काय, लांबवर बोलायचे कर्णे काय, नाना खटपटी करायचा. त्याचं श्रेय एका बड्या विद्वानाकडे जायला लागलं, तेव्हा गडी थेट कोर्टात गेला. “पाद्री होता, पण गप्प बसला नाही गं!” फादर मांडी थोपटून सांगायचे. प्रवचनात येशूनंतर याचाच नंबर.

लॉकडाऊनमध्ये माझी आई इथल्याच एका नर्सिंग होममध्ये होती. ती खंगत चालली होती आणि तिला एकच हवं होतं, मरायच्या आधी आपल्या भाषेत कन्फेशन. होमवाले म्हणाले, बाहेरचं कुणी आत येणार नाही, टॅबलेटवर उरका.

“उरका?” फादर भडकले. “चर्चला फोनवरचं कन्फेशन चालत नाही. तारेतून जातो तो विजेचा आवाज, माणसाचा नव्हे!” मग एकदम गालात हसले. “पण नळीतून? नळीतून माझाच आवाज जातो की!”

दुसऱ्या दिवशी बागेला पाणी घालायचा पाइप आणि दोन्ही टोकांना माझ्याच स्वयंपाकघरातली नरसाळी घेऊन फादर कुंपणापाशी हजर. आईची खिडकी तेवढी उघडी होती. मॅनेजरबाई धावत आली. “फादर, यू कान्ट व्हिजिट!”

“आय ॲम आउटसाइड, मेट,” फादर म्हणाले. “ओन्ली द पाइप इज व्हिजिटिंग.”

बाई वाद घालत राहिली. तोवर आतल्या पंजाबी नर्सनं पाइप खिडकीतून ओढून घेतला, नरसाळं पुसलं, “चलो आंटी, बोलो” म्हणत आईच्या हातात दिलं आणि दार लावून बाहेर गेली.

“तू पार रस्त्यापलीकडे जा, कन्फेशन तिसऱ्याच्या कानावर पडायचं नाही,” फादर मला म्हणाले. तिथून मला एवढंच दिसलं, ओल्या गवतात गुडघे टेकलेले फादर, कानाला नरसाळं. शेवटी त्यांनी हवेत क्रूस काढला. काचेमागे आई हसत होती. किती महिन्यांनी हसली होती, माझी बाय!

त्याच आठवड्यात ती गेली. वरिष्ठांनी फादरांना फैलावर घेतलं, असलं कन्फेशन कधी असतं का म्हणून. “ती बोलली, मी ऐकलं, मध्ये नुसती हवा होती,” फादर म्हणाले. “चुकलं असेल तर देवासमोर भांडेन.”

पुढच्या हिवाळ्यात फादर स्वतःच आजारी पडून त्याच होममध्ये दाखल झाले. पुन्हा लॉकडाऊन, पुन्हा दारं बंद. मी गॅरेजमधून पाइप काढला आणि आमच्या नव्या तरुण फादरांना घेऊन कुंपणापाशी गेले. मॅनेजरबाई आलीच. मी तिला फादरांचंच ‘ओन्ली द पाइप’वालं वाक्य ऐकवलं. ती मागे फिरली आणि तिनं स्वतःच जाऊन खिडकी उघडली.

नवे फादर पाइपकडे बघत पुटपुटले, “पण हे चालतं का?”

“माझ्या आईचं चाललंय,” मी म्हटलं आणि नरसाळं त्यांच्या हातात कोंबलं. “मोठ्यानं बोला, त्यांना कमी ऐकू येतं.”

मग कुणी सांगायची वाट न बघता मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले.